बीएमएस कंपनीच्या नेटवर्कवर आणताना: नव्या इंजिनिअरसाठी पायरीपायरीने

इमारतीतलं एसी, पंप, दिवे, मीटर हे सगळं सांभाळणारी बीएमएस (बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम) बरीच वर्षं आपल्या कोपऱ्यात सुखाने नांदत होती. तिची स्वतःची आरएस-४८५ची (कंट्रोलर जोडणारी सीरियल) वायर, तळघरातला एक पीसी आणि त्याचा पासवर्ड कीबोर्डाखाली चिकटवलेला. आता व्यवस्थापनाला विजेचे आकडे डॅशबोर्डवर हवेत, फॅसिलिटी मॅनेजरला अलार्म घरी बसून बघायचेत आणि नवा कंट्रोलर घ्यावा तर त्याला इथरनेटचा जॅक असतोच. तेव्हा कधी ना कधी तुमच्या टेबलावर हे काम येणारच.

हा लेख कंट्रोल्सच्या बाजूने यात पहिल्यांदा पडणाऱ्यांसाठी आहे. आयटीकडून आलेल्यांनाही उपयोग होईल, पण मी स्वतः पॅनल आणि सिक्वेन्सवाला माणूस आहे, तेवढं धरून वाचा. वायर जोडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. कंपनीचं नेटवर्क दर थोड्या दिवसांनी बदलत असतं: स्विच बदलतात, पॅच पडतात, नियम कडक होतात. कंट्रोलर मात्र एकदा बसवला की पंधरा-वीस वर्षं तसाच चालेल या हिशेबाने बसवलेला असतो. म्हणून माझा एकच आग्रह आहे: नेटवर्क एक झालं तरी इमारत त्या नेटवर्कच्या जिवावर चालता कामा नये. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्यात.

आधी हे गोळा करा

कागद:

- बीएमएसचं आर्किटेक्चर ड्रॉइंग. त्यावर 'ॲज-बिल्ट' असा शिक्का असला तरी डोळे झाकून विश्वास ठेवू नका.
- पॉइंट लिस्ट (बीएमएस वाचते किंवा बदलते अशा प्रत्येक आकड्याची-स्थितीची यादी) आणि प्रत्येक यंत्रणेचा कंट्रोल सिक्वेन्स (ती कोणत्या क्रमाने आणि अटींवर चालते).
- सध्याची आयपी यादी. नसेल तर ती तुम्हीच करणार आहात.
- प्रत्येक कंट्रोलरच्या प्रोग्रॅमचा आणि सर्व्हरच्या डेटाबेसचा ताजा बॅकअप.
- सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे कागद.
- देखभाल कराराची प्रत, त्यातही रिमोट सपोर्टबद्दल लिहिलेलं पान.

हत्यारं: ॲडमिन अधिकार असलेला लॅपटॉप, वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं बघायला) आणि याबे (बॅकनेट या बीएमएसच्या प्रोटोकॉलवरची उपकरणं शोधायला) ही दोन फुकट मिळणारी सॉफ्टवेअर, यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर, एक साधा अनमॅनेज्ड स्विच, पॅच कॉर्ड आणि लेबलं.

लॅपटॉपबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगतो, म्हणजे पुढे डोकं फुटणार नाही. कंपनीच्या लॅपटॉपवरचं फायरवॉल बॅकनेटचं ट्रॅफिक बहुतेक वेळा अडवतं. वायफाय चालू असेल तर याबे भलत्याच कार्डावरून शोध घेत बसतं. आणि बीएमएसचं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर चालू असेल तर दोघंही ४७८०८ हा एकच पोर्ट मागतात आणि एकाला तो मिळत नाही. स्क्रीनवर कंट्रोलर दिसत नाहीत म्हणून पॅनल उघडायला धावण्याआधी हे तीन तपासा.

१. कशासाठी जोडायचं, ते लिहून काढा

एक पान पुरे. कोणाला कोणती माहिती हवी, किती वेळाने हवी आणि ती फक्त वाचायची आहे की त्यावरून काही बदलायचंही आहे. हे पान लिहायला घेतलं की गंमत कळते: मागणी करणाऱ्यांपैकी बहुतेकांना फक्त वाचायचं असतं. ऊर्जेच्या डॅशबोर्डला सेटपॉइंट (राखायचं तापमान वगैरे) बदलायचा अधिकार लागत नाही. हे आधीच ठरलं तर पुढे फायरवॉलच्या नियमांवरची निम्मी वादावादी वाचते.

किती वेळाने हवी, हा प्रश्नही हलक्यात घेऊ नका. वर गिगाबिटचं नेटवर्क असलं तरी खालच्या व्हीएव्ही बॉक्सपर्यंत (खोलीत किती हवा सोडायची ते ठरवणाऱ्या पेटीपर्यंत) जाणारी एमएस/टीपीची (आरएस-४८५वर चालणाऱ्या बॅकनेटची) वायर बहुतेक ठिकाणी ३८४०० किंवा ७६८०० बॉडवर चालते. वर आठपदरी महामार्ग आणि शेवटी गल्ली, असा हा प्रकार. ॲनालिटिक्सवाला दर सेकंदाला हजारो पॉइंट विचारायला लागला की वरच्या नेटवर्कला त्याचा पत्ताही लागत नाही. खाली मात्र कंट्रोलर एकेक करून 'ऑफलाइन' दिसायला लागतात आणि सगळे वायरिंगला दोष देतात. खोलीच्या तापमानासाठी पाच ते पंधरा मिनिटांचं अंतर भरपूर झालं. जिथे बदल लगेच कळायला हवा तिथे सीओव्ही वापरा, म्हणजे किंमत बदलली तरच कंट्रोलर कळवेल.

२. पॅनल उघडून यादी करा

ऑफिसात बसून ड्रॉइंगवरून केलेली यादी कामाची नाही. मजल्यामजल्यावर जा, पॅनल उघडा, फोटो काढा. प्रत्येक उपकरणासाठी एवढं लिहा: जागा, मेक आणि मॉडेल, फर्मवेअर, मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा कारखान्यातून आलेला पत्ता), आयपी आणि सबनेट मास्क, प्रोटोकॉल, बॅकनेट डिव्हाइस इन्स्टन्स (उपकरणाचा बॅकनेटवरचा क्रमांक), नेटवर्क क्रमांक, आणि ते बंद पडलं तर काय काय थांबेल. हा शेवटचा रकाना लोक भरत नाहीत. खरं तर सगळ्यात मोलाचा तोच.

फिरताना या गोष्टींवर नजर ठेवा:

- पॅनलच्या आत सिमकार्ड टाकलेला मोडेम. कुणीतरी कधीतरी रिमोट सपोर्टसाठी बसवलेला असतो आणि मग सगळे विसरतात.
- दोन नेटवर्क कार्डं असलेला पीसी: एक बीएमएसकडे, एक ऑफिसकडे. कागदावर दोन नेटवर्क वेगळी असतात, पण या एका पीसीतून दोन्ही कधीचीच एक झालेली असतात.
- फॉल्स सीलिंगच्या वर लपलेला स्विच, तोही भलत्याच सॉकेटवरून चालणारा.
- लिफ्ट, जनरेटर, यूपीएस, चिलर यांचे गेटवे. यातले बरेचसे मॉडबस या जुन्या प्रोटोकॉलवर बोलतात. मॉडबस १९७९ सालचा आहे आणि त्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. ५०२ पोर्टवर जो पोचला तो रजिस्टर (उपकरणातले आकडे) लिहू शकतो.

३. आयटीवाल्यांबरोबरची पहिली बैठक

या बैठकीत मॉडेल नंबर फेकत बसू नका. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात: तुमची उपकरणं किती, ती कोणाशी बोलतात आणि ती बंद पडली तर इमारतीत माणसांना काय त्रास होतो. तुम्हाला त्यांच्याकडून तीन गोष्टी कळायला हव्यात: स्विच कधी रीस्टार्ट होतात, सुरक्षा स्कॅन कधी चालतो आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं.

स्कॅनचा मुद्दा आवर्जून काढा. ऑफिसच्या कॉम्प्युटरला पोर्ट स्कॅनने काही होत नाही. जुन्या कंट्रोलरचं तसं नसतं. भलभलत्या पोर्टवर एकदम विचारणा झाली की काही हँग होतात आणि वीज बंद-चालू केल्याशिवाय जागे होत नाहीत. बीएमएसचे पत्ते सुरुवातीला स्कॅनमधून वगळायला सांगा. मग प्रत्येक मॉडेलचा एक नमुना टेबलावर ठेवून त्यांच्यासमोरच स्कॅन करून बघा. जे टिकतील ते यादीत येऊ द्या. 'आमचं काही स्कॅन करू नका' असा हट्ट मात्र धरू नका. तो त्यांना मान्य होणार नाही आणि व्हायलाही नको.

आयटीत मानकांना वजन असतं, त्याचा उपयोग करून घ्या. औद्योगिक नियंत्रणाच्या सुरक्षेसाठी आयईसी ६२४४३ ही मालिका आहे. तिच्यात यंत्रणेचे झोन पाडून झोनांमधल्या वाटा नेमक्या ठरवायच्या असतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या ८००-८२ या मार्गदर्शिकेची तिसरी आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली आणि तिच्यात इमारतींच्या ऑटोमेशनचाही विचार केला आहे. 'आम्हाला वेगळी वागणूक हवी' असं म्हणण्यापेक्षा 'या मार्गदर्शिकेनुसार हा वेगळा झोन आहे' असं म्हटलं की बैठक लवकर संपते.

उठण्याआधी एका कागदावर कामाची वाटणी लिहून घ्या. स्विच त्यांचा, कंट्रोलर तुमचा, हे सगळ्यांना मान्य असतं. भांडण मधल्या गोष्टींवर होतं: पॅनलमधली पॅच कॉर्ड कोणाची? सर्व्हरचं विंडोज कोणाचं आणि त्यावरचं बीएमएस सॉफ्टवेअर कोणाचं? सर्टिफिकेट (सर्व्हरची किंवा उपकरणाची डिजिटल ओळख) संपलं तर नवं कोण काढणार? नावं लिहा, खात्यांची नव्हे, पदांची. 'आयटी' असं लिहिलं तर रात्री कोणीच येत नाही.

आगीच्या अलार्मचं काय, हा प्रश्न इथेच निघेल. ती यंत्रणा या विलीनीकरणात ओढू नका. आग लागल्यावर एएचयू (हवा थंड करून फिरवणारं युनिट) बंद होणं, डँपर (हवेच्या वाटेतली झडप) मिटणं हे हार्डवायर्ड रिलेवरूनच होऊ द्या. बीएमएसने फार तर स्थिती वाचावी.

४. पत्ते, सबनेट आणि ब्रॉडकास्ट

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. कमिशनिंगच्या रात्रीच्या बहुतेक कटकटी इथूनच उगवतात.

बीएमएससाठी वेगळी व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेलं स्वतंत्र नेटवर्क) मागा. कॅमेरे आणि दारांचं ॲक्सेस कंट्रोल त्यात घालू नका, त्यांना त्यांची वेगळी द्या. कंट्रोलरना स्थिर आयपी द्या, किंवा डीएचसीपीत (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेत) मॅकला बांधलेला पत्ता राखून ठेवा. आयटीवाले दुसरा पर्याय सुचवतील, कारण त्यांना सगळे पत्ते एका जागी दिसतात. पण डीएचसीपी सर्व्हर बंद असताना इमारतीची वीज जाऊन आली तर कंट्रोलर पत्त्याविना उठतील. म्हणून मी स्थिर पत्त्याच्या बाजूचा आहे. ती यादी आयटीकडे नोंदवलेली असावी, म्हणजे तोच पत्ता दुसऱ्या कुणाला जाणार नाही.

आता बॅकनेट. हे मानक ॲशरे या एसी-हीटिंग इंजिनिअरांच्या अमेरिकी संघटनेचं. काम १९८७ मध्ये सुरू झालं, मानक १९९५ मध्ये आलं आणि आयपीवर चालणारा प्रकार १९९९ मध्ये जोडला गेला. त्या काळात बीएमएसच्या वायरीवर परका माणूस येईल ही शक्यताच कुणी धरली नव्हती, हे त्याच्या स्वभावात दिसतं. बॅकनेट/आयपी यूडीपीवर ४७८०८ पोर्टने चालतं आणि ओळख ब्रॉडकास्टने होते: एकजण 'हू-इज' म्हणून हाळी देतो, बाकीचे 'आय-ॲम' म्हणून उत्तर देतात. ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. कंपनीच्या नेटवर्कवर तर प्रत्येक मजल्याचा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) वेगळा असू शकतो. म्हणून बीबीएमडी लागतो: प्रत्येक सबनेटमध्ये एक उपकरण आपल्याकडची हाळी दुसऱ्या सबनेटमधल्या बीबीएमडीला थेट पाठवतं आणि तो ती तिथे पुन्हा देतो.

बीबीएमडीचे नियम थोडे आहेत, पण मोडले की रात्र जाते:

- एका सबनेटमध्ये एकच बीबीएमडी. दोन ठेवले तर तीच हाळी दोनदा फिरते. बरेच बॅकनेट राउटर बीबीएमडी चालू स्थितीतच कारखान्यातून येतात. नको असेल तिथे आठवणीने बंद करा.
- सगळ्या बीबीएमडींमध्ये पत्त्यांची तीच यादी हवी. नवा सबनेट जोडला की सगळीकडे भरा.
- दुसऱ्या सबनेटमधून किंवा व्हीपीएनमधून येणाऱ्या एकट्या वर्कस्टेशनला बीबीएमडी लागत नाही. ते 'फॉरेन डिव्हाइस' म्हणून नोंदणी करतं आणि ठरलेल्या वेळाने ती ताजी करतं.
- मध्ये नॅट (वाटेत आयपी पत्ता बदलणारी सोय) नको. बॅकनेट/आयपीच्या संदेशांत पत्ते आतच लिहिलेले असतात, नॅट बाहेरचा पत्ता बदलतं आणि दोघांचा मेळ बसत नाही.

डिव्हाइस इन्स्टन्स हा क्रमांक पूर्ण नेटवर्कमध्ये एकमेव असावा लागतो. ० ते ४१९४३०२ एवढी जागा आहे, तरी लोक सगळीकडे १, २, ३ देतात. दोन इमारती वेगवेगळ्या होत्या तोवर चाललं. एका नेटवर्कवर आल्या की पहिल्या इमारतीच्या एएचयूच्या ग्राफिक्सवर दुसऱ्या इमारतीचं तापमान दिसायला लागतं. इमारत, मजला, उपकरण असा क्रमांक बांधा आणि जोडण्याआधीच बदला. बॅकनेट नेटवर्क क्रमांकाचंही तेच. शिवाय त्याच दोन बॅकनेट नेटवर्कांना जोडणारे दोन राउटर असतील तर संदेश गोल फिरत राहतात आणि सगळं ठप्प होतं.

एक नमुना जवळून दाखवतो. आयटीने तुम्हाला १०.२०.२०.० चा सबनेट दिला, मास्क २५५.२५५.२५४.०. म्हणजे ब्रॉडकास्टचा पत्ता १०.२०.२१.२५५. एका कंट्रोलरमध्ये सवयीने मास्क भरला गेला २५५.२५५.२५५.०. आता १०.२०.२०.४५ वरच्या त्या कंट्रोलरला त्याच अर्ध्या भागातल्या लॅपटॉपवरून पिंग करा: उत्तर येतं. आयटीवाला म्हणतो, आमच्याकडून सगळं ठीक. पण याबेमध्ये कंट्रोलर दिसतच नाही. कारण त्याच्या मते ब्रॉडकास्टचा पत्ता १०.२०.२०.२५५ आहे. त्याची हाळी बाकीच्यांच्या दृष्टीने कुणा तिसऱ्याच मशीनसाठी असते आणि इतरांची हाळी त्याला आपली वाटत नाही. वायरशार्कमध्ये ४७८०८ चा फिल्टर लावा आणि 'हू-इज'चं पॅकेट कोणत्या पत्त्याला गेलंय ते बघा. मास्कची गडबड तिथे मिनिटभरात सापडते. पिंग लागतं म्हणजे बॅकनेट चालतं, हा समज पहिल्याच दिवशी सोडून द्या.

५. स्विचच्या पोर्टचे नियम

ऑफिसच्या स्विचचे नियम कॉम्प्युटर डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. कंट्रोलर त्यात बसत नाहीत. या चार गोष्टी आधीच कळवा.

बऱ्याच कंट्रोलरना दोन इथरनेट पोर्ट असतात आणि ते एकामागे एक माळेसारखे जोडतात. स्विचच्या एका पोर्टवर मग आठ-दहा मॅक ॲड्रेस दिसतात. पोर्ट सिक्युरिटीत 'एक पोर्ट, एक मॅक' असं असेल तर पहिला कंट्रोलर चालतो आणि पुढची माळ अंधारात जाते, किंवा पोर्टच बंद होतो.

माळेचं दुसरं टोकही स्विचला जोडून रिंग केली असेल आणि कंट्रोलर स्पॅनिंग ट्रीची (नेटवर्कमधले फेरे टाळणाऱ्या यंत्रणेची) पॅकेटं पाठवत असतील, तर बीपीडीयू गार्ड हा स्विचवरचा पहारा त्या पोर्टला तडकाफडकी बंद करतो. रिंग करायची असेल तर आयटीला विचारून, लेखी.

८०२.१एक्स वापरून ओळख पटवणं जुन्या कंट्रोलरना जमत नाही. त्यांच्यासाठी मॅकवरून प्रवेश देण्याची सोय असते. मॅकची नक्कल करता येते, तेव्हा ही सोय दिली तरी त्या पोर्टला बीएमएसच्या व्हीलॅनपलीकडे काही दिसू नये.

चौथी गोष्ट वीज. पॅनलला यूपीएस असतो, पण मजल्यावरच्या नेटवर्क रॅकला आहे का? आणि तो स्विच रात्री फर्मवेअरसाठी रीस्टार्ट होणार असेल तर ते तुम्हाला कोण सांगणार?

६. फायरवॉल आणि बाहेरून येणाऱ्यांचा रस्ता

नियमांचा तक्ता स्वतः करून द्या: कुठून, कुठे, कोणता प्रोटोकॉल, कोणता पोर्ट, कशासाठी. 'सगळं उघडा, चालू झालं की बंद करू' असं कुणी म्हटलं तर मानू नका. चालू झालं की कुणी बंद करत नाही.

इथे एक हमखास सापळा आहे. बीबीएमडी ते बीबीएमडी एवढाच रस्ता उघडला की कंट्रोलरांची नावं यादीत दिसतात, पण पॉइंट रिकामे येतात. कारण ओळख बीबीएमडीमार्फत होते, नंतरचं वाचन-लेखन मात्र सर्व्हर आणि कंट्रोलर यांच्यात थेट चालतं. सर्व्हरपासून कंट्रोलरच्या पूर्ण सबनेटपर्यंत ४७८०८ उघडा, दोन्ही बाजूंनी. सबनेट ओलांडून कंट्रोलर एकमेकांशी बोलत असतील तर तेही तक्त्यात लिहा.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून बीएमएस बघायची असेल तर फक्त सर्व्हरच्या वेब पानापर्यंत जाऊ द्या, तेही एचटीटीपीएसवर. कंट्रोलरपर्यंत कुणाचाही ब्राउझर पोचू नये. आणि इंटरनेटवरून थेट तर काहीच नको. शोडॅन (Shodan) नावाचं सर्च इंजिन अशीच उघडी उपकरणं शोधून यादी करत असतं. २०१३ मध्ये सुरक्षा संशोधकांनी सिडनीतल्या गुगलच्या कार्यालयाची बीएमएस अशीच इंटरनेटवर उघडी गाठली होती. सॉफ्टवेअर पॅच केलेलं नव्हतं आणि त्यांना ॲडमिनचा पासवर्डही मिळाला. २०१६ मध्ये फिनलंडमधल्या लापेनरांटा शहरात दोन इमारतींच्या कंट्रोल यंत्रणेवर ट्रॅफिकचा मारा झाला. कंट्रोलर पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिले आणि ऐन थंडीत हीटिंग बंद पडलं. २०२१ मध्ये जर्मनीतल्या एका कंपनीच्या केएनएक्स या इमारत-ऑटोमेशन मानकावर चालणाऱ्या यंत्रणेत इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या यूडीपी पोर्टमधून कुणीतरी शिरलं. उपकरणांना पासवर्ड लावण्याची जी सोय रिकामी ठेवली होती, तीच वापरून त्याने उपकरणं कुलूपबंद केली. सुमारे तीन चतुर्थांश उपकरणं हातची गेली आणि दिवे ब्रेकरवरून चालू-बंद करायची वेळ आली. पासवर्डची रिकामी जागा तुम्ही भरली नाही तर दुसरा कुणी भरेल, एवढं यातून घ्या.

टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीचं २०१३ चं प्रकरण तुम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकवलं जाईल: 'एसीतून हॅकर घुसले आणि चार कोटी कार्डं गेली.' ते तसं घडलं नाही. चोरीला गेलं ते रेफ्रिजरेशन-एसीच्या कंत्राटदाराचं लॉगिन, आणि ते बिलं व करारांच्या कामासाठी दिलेलं होतं. एसीच्या कंट्रोलरचा तिथे संबंध नव्हता. तरी धडा आपल्यालाच लागू पडतो: कंत्राटदाराला दिलेला रस्ता जिथे संपायला हवा तिथे संपत नव्हता.

म्हणून देखभाल करणाऱ्या कंपनीचा रस्ता असा ठेवा: व्हीपीएन, त्यावर दुसरा घटक मागणारं लॉगिन, मग एक जंप सर्व्हर (मधला सर्व्हर, फक्त त्यावरूनच पुढे जाता येतं) आणि तिथून बीएमएस. प्रत्येक माणसाचं स्वतंत्र लॉगिन. 'सर्व्हिस' नावाचं एकच लॉगिन पाचजण वापरत असतील तर सेटपॉइंट कुणी बदलला हे कधीच कळणार नाही. पॅनलमधला तो सिमवाला मोडेम याच दिवशी काढा. आधी काढला तर सपोर्ट बंद पडेल, नंतर काढू म्हटलं तर राहूनच जाईल.

७. सर्व्हर, लायसन्स आणि घड्याळ

तळघरातला पीसी जाऊन आता व्हर्च्युअल मशीन येईल. चांगलंच आहे. पण बीएमएसची लायसन्स बहुधा मशीनच्या हार्डवेअर ओळखीला बांधलेली असतात. आयटीने ते मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर नव्याने उभं केलं, मॅक बदलला आणि लायसन्स गेलं, असं होतं. सॉफ्टवेअरवाल्याकडून आधीच लेखी विचारून घ्या: ओळख कशावरून ठरते आणि बदलली तर नवं लायसन्स किती वेळात मिळतं.

विंडोजचे अपडेट थांबवू नका, पण आपोआप रीस्टार्ट थांबवा आणि महिन्याची एक वेळ ठरवा. अँटिव्हायरसमध्ये ट्रेंडच्या (वेळेनुसार साठवलेल्या आकड्यांच्या) डेटाबेसचं फोल्डर वगळायचं का, ते सॉफ्टवेअरवाल्याला विचारा.

घड्याळ विसरू नका. सर्व्हर आणि कंट्रोलर दोन्हीकडे कंपनीचाच एनटीपी (वेळ जुळवून देणारा) सर्व्हर द्या आणि १२३ पोर्ट उघडा. वेळ चुकली की शेड्यूल चुकतं, अलार्मांचा क्रम लागत नाही, आणि बॅकनेट/एससी वापरत असाल तर सर्टिफिकेट अवैध ठरून जोडणीच होत नाही.

बॅकनेट/एससी म्हणजे २०१९ मध्ये आलेला सुरक्षित प्रकार. यात ब्रॉडकास्ट आणि बीबीएमडीची भानगड नाही. सगळी उपकरणं टीएलएसवरून (कूटबद्ध जोडणीने) एका हबला जोडतात आणि आयटीच्या फायरवॉलला ते ओळखीचं वाटतं. नवं काम असेल तर जरूर मागा. जुन्या साइटवर सगळं बदलायला निघू नका: सर्व्हरकडचा भाग एससीवर, खालचा जुना भाग राउटरमागे, हे जमतं. प्रत्येक उपकरणाला सर्टिफिकेट लागतं आणि ते संपतं, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. दुसरा, राखीव हबही हवा.

८. वायर काढून बघा

जोडण्याआधी ही चाचणी करा. मजल्याची नेटवर्क वायर काढा आणि तासभर थांबा. एएचयू आपलं तापमान सांभाळतंय का? शेड्यूलप्रमाणे बंद-चालू होतंय का? ट्रेंड कंट्रोलरमध्ये साठतोय का?

खरी गोम दुसऱ्या कंट्रोलरकडून येणाऱ्या आकड्यांत असते. बाहेरच्या हवेचा सेन्सर गच्चीवरच्या एकाच कंट्रोलरला असतो आणि बाकीचे सगळे एएचयू तो आकडा नेटवर्कवरून घेतात. नेटवर्क गेलं की काय होतं? काही प्रोग्रॅम शेवटचा आकडा धरून बसतात: पहाटेचा १८ अंश दुपारपर्यंत खरा मानून बाहेरची गरम हवा आत ओढत राहतात. काहींना शून्य मिळतं आणि ते फ्रीझ प्रोटेक्शनमध्ये (कॉइल गोठू नये म्हणून असलेल्या सोयीत) जाऊन पंखा थांबवतात. प्रत्येक अशा आकड्यासाठी 'संपर्क तुटला तर हे गृहीत धरा' अशी किंमत प्रोग्रॅममध्ये हवी. चिलर प्लँटला मजल्यांवरून येणाऱ्या मागणीचंही तसंच. मागणी कळली नाही म्हणून चिलर बंद, असं नको. हे कमिशनिंगच्या कागदांत सहसा नसतं. स्वतःच शोधावं लागतं.

९. प्रत्यक्ष बदल

एक मजला, मग थांबा, मग पुढचा. सुरुवात सर्व्हर रूमच्या कूलिंगने करू नका. कमी महत्त्वाचा मजला निवडा. आयटीची चेंज रिक्वेस्ट मंजूर असावी, त्यांचा माणूस साइटवर किंवा फोनवर असावा आणि जुना स्विच त्याच रॅकमध्ये पॅच कॉर्डसकट तयार असावा. परत फिरायची वेळ आधी ठरवा, उदाहरणार्थ 'पहाटे चारपर्यंत पॉइंट आले नाहीत तर जुनं जोडायचं'. तपासणी ग्राफिक्सवर भागवू नका. प्रत्येक कंट्रोलरचा किमान एक पॉइंट वाचा, एक आउटपुट लिहून बघा आणि डँपर खरंच हलला का ते जागेवर जाऊन पाहा. ओव्हरराइड केलेले (हाताने ठरावीक किमतीवर धरून ठेवलेले) पॉइंट सोडून द्यायला विसरू नका.

१०. चालू झाल्यावर

पहिले काही आठवडे रोज सकाळी ऑफलाइन उपकरणांची यादी आणि ब्रॉडकास्टचं प्रमाण बघा. वायरशार्कची शांत दिवसाची एक फाइल जपून ठेवा. पुढे काही बिघडलं तर तुलनेला तीच लागते.

कॅलेंडरवर चार नोंदी टाका आणि त्या आयटी व फॅसिलिटी दोघांनाही दिसू द्या: सर्टिफिकेट संपण्याची तारीख, त्याच्या दोन महिने आधीचा इशारा, लॉगिनांची तिमाही तपासणी आणि पायरी ८ ची वार्षिक चाचणी. देखभालीचं कंत्राट बदललं तर जुन्या कंपनीची व्हीपीएन लॉगिनं त्याच दिवशी बंद करा, कंट्रोलरांचे पासवर्ड बदला, आणि त्यांच्या लॅपटॉपवर असलेल्या प्रोग्रॅमच्या ताज्या प्रती अंतिम बिल मंजूर होण्याआधी मागून घ्या.